गडगडत आलेल्या धोंड्याचं वय

ता. ४ मार्च, सकाळचे सव्वासात. दुकान उघडून कापड टेबलावर पसरलं आहे, पण कात्री उचलवत नाही म्हणून लिहितो.

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र तीनदा वाचलं. ज्या पेपरने भूशास्त्रात तुझं नाव झालं, त्यातला दगड मूळ कड्याचा नव्हताच म्हणतेस. वरून गडगडत येऊन मातीत रुतलेला धोंडा होता, आणि त्याचं वय तू अख्ख्या डोंगराला लावलंस. आता माती वाहून गेल्यावर ते दिसलं.

मी नववीत शाळा सोडलेला शिंपी. मला डोंगर कळत नाही. पण तुझ्या कामाचे चारशे दाखले इतरांनी दिले, त्यातले तीनशे या एकाच पेपरचे, हे कळतं. प्राध्यापकपदाची समिती पुढच्या महिन्यात तेच मोजणार. मग चूक जाहीर करायची घाई कशाला? दगड कोट्यवधी वर्षं थांबला, अजून महिनाभर थांबेल. आमचे मालक म्हणतात, शिवण उसवली तर गिऱ्हाईक येईलच, आपण होऊन कशाला दाखवा. आईला यातलं काही सांगितलं नाही. मुलगी प्राध्यापक झाली, असं तिने शेजारी सांगूनही टाकलंय.

काळजीत असलेला,
धाकटा

ता. ११ मार्च

चि. घाबरटास,
अ. उ. आ.

तुझ्या मालकांनी शिवलेली बाबांची पँट भर सभेत उसवली होती, विसरलास?

थांबलेही असते रे. खोटं कशाला बोलू, मलाही ते पद हवं आहे. पण सोमवारी एका अनोळखी मुलीचं पत्र आलं. माझ्या त्या आकड्यावर तिचा सगळा प्रबंध उभा आहे आणि तो ती याच महिन्यात सादर करणार होती. त्या दगडाचा उरलेला तुकडा बघायला मिळेल का, असं तिने भीत भीत विचारलंय. तिला काय लिहू, माझी समिती होईपर्यंत दम धर म्हणून? तो पेपर छापणाऱ्या मासिकाकडे दुरुस्ती धाडली. तिला फोनही केला. आधी रडली, मग इतके प्रश्न विचारले की माझा कान तापला.

आईला मी सांगेन. माझा तुझ्यावर लोभ आहेच, तुझा माझ्यावरचा समितीच्या निकालावर टांगून ठेवू नकोस.

तुझी,
ताई

ता. २० एप्रिल, संध्याकाळचे सहा. इस्त्री निवायला ठेवली आहे.

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पद दुसऱ्याला गेल्याचं कळलं. रागाने मी शेजाऱ्यांना टाळत राहिलो. आईने मात्र शेजारी जाऊन सांगितलं, की प्राध्यापक झाली नाही, पण तिने केलं ते भल्याभल्यांना जमत नाही. म्हणजे काय केलं, असं शेजारणीने विचारलं, तर म्हणाली मलाही नीट कळलं नाही, पण पोरगी फोनवर हसत होती.

त्या मुलीने प्रबंध पुढे ढकलला आणि नवे नमुने घ्यायला ती तुझ्याबरोबर येणार, हे वाचून बरं वाटलं. थांब म्हणालो तेव्हा ती माझ्या हिशेबातच नव्हती.

एक सांगायचं राहिलं. प्राध्यापकबाईंना शोभेलसा एक कोट मी चोरून शिवत होतो. पद गेल्याचं कळल्यावर तो घडी घालून ठेवूनच देणार होतो. काल त्याचे खिसे उसवून दगडांचं वजन पेलतील असे खोल, दुहेरी कापडाचे लावले. हातोडा धरताना आड येऊ नयेत म्हणून बाह्या आखूड केल्या. आज पार्सल केलं. मापं अंदाजाने घेतली आहेत. खांद्यात आवळत असेल तर भावाचं मन राखायला घालू नकोस, लगेच परत पाठव.

तुझा,
धाकटा