आक्काच्या उकिरड्यातले जिवाणू

पुणे, मंगळवार

आक्का, तुला वाकून नमस्कार.

मी बरा आहे, मेसचं जेवण मानवतंय.

आपल्या मच्छे गावात तू बावीस वर्षं हिरव्या बटाट्यांच्या साली एकाच उकिरड्यावर टाकल्यास ना, तिथली मूठभर माती मी प्रयोगशाळेत आणली होती. तिच्यातले जिवाणू सालीतलं विष खातात! सात दिवसांत निम्मंही उरलं नाही. मी तीनदा मोजलं.

आमच्या केतकी मॅडमनी विचारलं, “नागेंद्र, ही जागा शोधली कुणी?”

म्हटलं, “आमच्या आक्कानं. शाळेत न्हाय गेली, तरी लई शिस्तीची.”

पण तुझी सूनबाई फोनवर म्हणाली, पोरांना चांगले बटाटे वाढून हिरवे तू उकडून खातेस. उकडून हे विष जात न्हाय गं. जिवाणू अजून बाटलीत आहेत, तुझ्या पोटात न्हाईत.

मळमळ थांबली का? खरं सांग.

तुझा धाकटा,
नागेंद्र