डॉन अनास्तासिओंची एकुलती एक चाल

यताइती, मंगळवार

तीर्थस्वरूप फाकुंदोमामांना,

निमिया हात जोडून आशीर्वाद मागते. (पत्रातून मागितलेला चालतो का, असं आईला विचारलं. ती म्हणाली, मागून ठेव.) तुमचा गुडघा कसा आहे? इकडे सगळे ठीक आहेत, म्हणजे मी सोडून.

हार्पवर माझी बोटं बसवताना तुम्ही बजावलं होतंत, दुसऱ्याची चाल वाजवली तर आधी त्याचं नाव घ्यायचं. मी एकदाच विसरले. शेजारचे डॉन अनास्तासिओ गेले हे तुम्हाला कळलंच असेल. त्यांच्यासाठीच्या नऊ दिवसांच्या जपमाळेच्या प्रार्थनेच्या शेवटच्या दिवशी मला वाजवायला बसवलं. घाबरले की माझी बोटं सवयीचं तेवढंच वाजवतात, आणि गेलं वर्षभर त्यांना एकच सवय होती: माझ्या व्हिडिओ गेममध्ये प्रवासी थकून थांबतो तेव्हाची चाल. (जपानी आहे. दुःखी आहे, पण कुणी पाठीवरून हात फिरवावा तशी. गेममध्ये ती लवकर संपते म्हणून मी हार्पवर बसवली.) अंगणातले लोक चिपा पाव खायचे थांबले. सिल्वेरियाकाकू उठून माझ्याजवळ आल्या. म्हणाल्या, "ही तर ह्यांची चाल. वर्षभर हेच गुणगुणत होते. तुला कधी शिकवली गं?"

भिंतीपलीकडे मीच ती रोज वाजवत होते, हे तेव्हाच सांगायला हवं होतं. पण कुणीतरी कौतुकाने माझ्या तोंडात चिपा कोंबला, आणि तो गिळेपर्यंत सगळं अंगण रडायला लागलं होतं. तुम्हाला माहीतच आहे, चाळीस वर्षं हार्प वाजवून स्वतःची एकही पोल्का धून नसलेला गावात हा एकच माणूस. बँडवाला लिनो दरवर्षी त्यांना विचारायचा, "काय डॉन अनास्तासिओ, यंदा तरी बाळंत होणार का?" तोच लिनो डोळे पुसत म्हणाला, "लपवून बसला होता की म्हातारा." आता रविवारी संताच्या सणाला बँड ही चाल त्यांच्या नावाने वाजवणार (लिनोने तिची लय जलद केली आहे, मध्ये दोन आरोळ्याही घातल्या आहेत), आणि नाव नेहमीप्रमाणे तुम्ही पुकारणार.

खरं सांगावं तर काकूंकडून नवऱ्याची एकुलती एक चाल काढून घेतल्यासारखं होतं. गप्प बसावं तर जपानमधल्या कुणाची तरी चोरी होते, वर तुमच्या तोंडून खोटं वदवलं जातं. तीन दिवस जेवण गेलेलं नाही. काय करू ते कळवा. तुम्ही सांगाल तसंच करीन.

तुमची,
निमिया

ता. क. — बुधवार. तुमच्या उत्तरापर्यंत दम निघाला नाही. दुपारी तेरेरे पिताना काकूंना सगळं सांगून टाकलं. त्यांनी भिंतीकडे वळून पाहिलं. मग म्हणाल्या, "म्हणजे रोज भिंतीशी खुर्ची नेऊन बसायचे ते तुझं ऐकायला. मला सांगायचे, तिथे सावली चांगली पडते." आणि हसल्या. तेव्हा तुम्ही असं पुकारायचं: "डॉन अनास्तासिओंना आवडलेली जपानी चाल." लिनोला सांगायचं काम काकूंनी स्वतःकडे घेतलं आहे. फार उत्साहात आहेत.

आणखी ता. क. — गुरुवार. हे पत्र उद्या बसवाल्याबरोबर पाठवते, कारण खरी निकड आता निघाली आहे. काकूंना गेम दाखवला. ती चाल लागते तेव्हा शेकोटीपाशी एक म्हातारा बसलेला असतो. काकू मला पुढे जाऊच देत नाहीत. म्हणतात, बसू दे त्याला. तर मामा, येताना तुमचा मोठा टीव्ही घेऊन या. आमच्या टीव्हीवर त्याचा चेहरा नीट दिसत नाही.