तळाशी रुतलो तेव्हा

तीर्थस्वरूप सासूबाईंना,

तुमच्या लेकानं या मोहिमेला मोडता घातला, तेव्हा तुम्हीच म्हणालात, "जा गं तू. पोरीला मी बघते." म्हणून हे तुम्हालाच लिहितेय. पाठवायचा मात्र धीर नाही.

काल छोट्या पाणबुडीतून समुद्राच्या तळाशी गेलो, चालक आणि मी. तिथे जमिनीतून कढत पाणी उसळतं आणि त्याच्या उबेला पांढरे खेकडे राहतात. मिट्ट काळोखात ते कसे तगतात, हेच माझं संशोधन. परत निघताना पाणबुडी गाळात रुतली. चालक म्हणाला, "ताई, घाबरू नका. घरच्यांना आठवा, तेवढाच वेळ जातो."

मला घर आठवलंच नाही. काचेबाहेर एक मादी पोटाशी अंडी धरून गारठ्यात सरकत होती. ऊब आणि अन्न सोडून ही निघाली कुठे, एवढंच डोक्यात होतं. पाणबुडी कधी सुटली, तेही कळलं नाही.

वर जहाजावर आल्यावर घरी फोन केला, तर तुम्ही तो छकुलीकडे दिलात. तिनं विचारलं, "आई, तुला माझी आठवण येते?"

"सारखी येते," मी म्हटलं.

तेव्हापासून जिवाला चैन नाही. डेकवर नुसत्या येरझाऱ्या घालतेय. मघाशी आमचे प्रमुख आले. "उद्या पुन्हा उतराल का? नाही म्हणालात तरी..."

त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी हो म्हणून बसले होते.

तुमच्या भरवशावर निघून आलेली,
तुमची सून