मनोजचा लॅपटॉप

१२ नोव्हेंबर

कावळा शिवेना!

पेज नदीच्या काठावर पिंड ठेवून पुरुष लांब उभे राहिले. आम्ही बायका वरच्या बांधावर. कावळे होते, समोरच्या करंजावर ओळीने बसलेले. पण एकही खाली उतरत नव्हता. मनोजचे वडील, जगदीशकाका, हात जोडून एकेक कबूल करत होते. 'तुझ्या आयशीला सांभाळीन.' नाही. 'रियाचं लगीन नीट लावून देईन.' नाही. 'तुझी गाडी भंगारात घालणार नाय', हे त्याच्या मित्रांनीही सांगून पाहिलं. ऊन चढलं. भटजी म्हणाले, दर्भाचा कावळा करून शिववून घेऊ. अंबूकाकी ओरडली, "गवताचा नको! माझा पोर गवताचा नव्हता!"

मग माझ्याच तोंडून निघालं — "मनोज, तुझा लॅपटॉप घरी आणते रे. तू सांगायचास तसाच, पारखून."

कावळा आला. सरळ पिंडावर. भात उचलला आणि नदीपलीकडे गेला.

मी विज्ञान शिकलेय. घरातली पहिली पदवी माझी. कावळा भूक लागली की खातो, एवढं मला कळतं. तरी तो नेमका त्याच वेळी आला. काकीने माझं मनगट धरलं ते घर येईपर्यंत सोडलं नाही. "तू कबूल केलंस, लली. ते पुरं होईस्तोवर मी भाताला शिवायची नाय."

१३ नोव्हेंबर

लिहून ठेवते, नाहीतर त्याचं बोलणं विसरेन. चुलतभाऊ म्हणायचं, पण अंगण एकच, ताटं एकच. कळंबच्या रिसॉर्टवरून सुटला की पायरीवर बसून मोबाइलवर लॅपटॉपचे व्हिडिओ बघायचा आणि मला शिकवायचा — मला, पदवीवाल्या बहिणीला! "ताय, या किमतीत आतलं सगळ्यांचं सारखंच. बांधणी बघायची. स्वस्तातला लॅपटॉप बिजागरीत मरतो." झाकण एका बोटाने उघडायचं, खालचा भाग उचलला जाता कामा नये. कळफलक मधोमध दाबायचा, खचला तर नको. कोपऱ्याला धरून उचलायचा, करकरला तर नको. मग तासभर गेम चालवून हात ठेवून बघायचं, किती तापतो.

गेमही मोठा नको होता त्याला. घाटातून ट्रक चालवायचा, एवढाच. पैसे जमत आले होते. मग कडावच्या पुढचं ते वळण, आणि त्याची न थांबलेली गाडी.

१७ नोव्हेंबर

कर्जतला गेलो. मी, काका, आणि मनोजची धाकटी बहीण रिया. पहिल्याचं झाकण उघडताना अख्खा लॅपटॉप वर आला. दुसरा मधोमध पापडासारखा दबला. दुकानदार म्हणाला, "मॅडम, लॅपटॉप घेताय की कणीक मळताय?" काका पुढे सरकले. मग म्हणाले, "म्हैस घेताना मी दात बघतो. हिचं काय बघायचं?"

"कासेला हात लावून बघा, बाबा," रिया म्हणाली.

काका हसले! त्या दिवसानंतर पहिल्यांदा. आणि लगेच तोंड फिरवलं.

तिसरा घेतला. प्लास्टिकचाच, पण घट्ट. बिजागरी चांगली जड, झाकण जिथे सोडावं तिथे थांबतं. दाबलं तर खचत नाही. 'गेमिंग कोण करणार?' दुकानदाराने विचारलं. मी म्हणाले, "भाऊ." आठवड्यात काही निघालं तर बदलून देतो म्हणाला.

काकीने तो मनोजच्या खाटेवर ठेवला. म्हटलं, "काकी, आला बघ. आता जेव."

"आधी त्याला पसंत पडू दे."

१८ नोव्हेंबर

ट्रकचा गेम टाकला. तासभर चालवला. कोमट, बस्स. पास!

१९ नोव्हेंबर

दुपारी सगळे खळ्यावर, भाताच्या झोडणीला. मी पाणी न्यायला घरी आले. काकी ओटीवर भिंतीला टेकून बसलेली. आत खाटेवर लॅपटॉप — झाकण बोटभर उघडं. सकाळी मी स्वतः बंद केलं होतं. इतकी जड बिजागरी वाऱ्याने उघडत नाही.

हात ठेवला. ऊबदार! सगळीकडे नाही. डाव्या बाजूला, जिथे खेळणाऱ्याचा तळवा टेकतो तिथे.

"काकी, तू उघडलास?"

"मी कशाला? मला कुठं येतंय त्यातलं?"

झाकण नीट लागत नसणार, म्हणून तो बंद होत नसणार. तापतोही त्यानेच. म्हणजे बांधणीचा दोष. एवढं पारखून!

२० नोव्हेंबर

आज डोळ्यांनी पाहिलं.

गेम लावून दिला आणि हात मागे घेतले. कोणीही कळा दाबत नव्हतं. थोड्या वेळाने ट्रक निघाला. हळू, डाव्या कडेने. घाट चढला, पुढे वळण आलं. तिथे ट्रक थांबला. हॉर्न वाजला. मग पुन्हा निघाला.

पुढच्या वळणावरही तसंच. थांबला, हॉर्न, निघाला.

काकी माझ्या खांद्यामागे कधी येऊन उभी राहिली, कळलं नाही. तिच्या आवाजात रडं नव्हतं, तेच जास्त भीतीचं.

"शिकला गं आता. वळणावर थांबतो."

२१ नोव्हेंबर

काकी खाटेसमोरून उठत नाही. "तो खेळतोय. मी कशी उठू?" चहा आणि भाकरीचा एखादा तुकडा. बस्स.

२२ नोव्हेंबर

घाबरून चालणार नाही. मी वाडीतल्या पोरांना शिकवते की आधी कारण शोधा, मग भ्या. तर शोधलं.

पुढे जायच्या डावीकडच्या कळीचं टोपण काढून पुसलं, परत बसवलं. दोन्ही बिजागऱ्या तपासल्या. डावी आता सैल. पाच दिवसांत! एखाद्याने दिवसभर उघडझाप केल्यासारखी. कळफलक गरम झाल्यावर डावीकडे किंचित खचतो. म्हणजे उष्णतेने प्लास्टिक दबतं, कळ आपोआप लागते, ट्रक निघतो. झालं! हे कारण पटण्यासारखं आहे.

पण थांबतो का? आणि हॉर्नची कळ तर पार उजवीकडे आहे.

रियाला दाखवलं. ती दारातच उभी राहिली. "ताय, दादा हॉर्न असाच वाजवायचा. दोन लहान, एक लांब." मी म्हटलं, सगळेच असा वाजवतात. ती म्हणाली, "सगळे? कोण सगळे?"



२३ नोव्हेंबर

काकी पडली. उठून पाण्याकडे जात होती, उंबऱ्यातच कोसळली. काकांनी उचलून टेंपोत घातलं. कर्जतच्या दवाखान्यात सलाईन लावलं. डॉक्टर आमच्यावर ओरडले, "बाईच्या पोटात काही नाही! घरात माणसं आहात की नाही?"

शुद्धीवर आल्यावर पहिलं काय विचारावं? "चार्जिंगला लावलाय ना गं?"

काका बाहेर बाकावर बसून होते. मला म्हणाले, "पोर गेला. आता ही पण त्या डब्यासमोर बसून जायची. लली, तू शिकलेली हायेस. काय तरी कर."

माझ्या मनात एकच येतंय. दोष तो दोष. सैल बिजागरी, खचणारा कळफलक. मनोजने स्वतः नापास केला असता. आणि मी कबूल केलं होतं पारखलेल्या लॅपटॉपचं.

काकी उद्या संध्याकाळपर्यंत दवाखान्यात आहे. बदलून घ्यायची मुदतही उद्याचीच.

२४ नोव्हेंबर

बदलून आणला.

दुकानदाराने झाकण दोनदा हलवून पाहिलं, नाक मुरडलं, पण शब्दाला जागला. त्याच बनावटीचा, त्याच रंगाचा दुसरा दिला. मी याची बिजागरी, कळफलक, कोपरे सगळं पुन्हा पाहिलं. जुना काउंटरवर ठेवताना त्याची डावी बाजू गरमच होती. पिशवीतून आणला होता, बंद. मी हात पटकन काढून घेतला.

नवा खाटेवर ठेवला, गेम टाकला. काकीला सांगितलं नाही. रियाला शपथ घातली. खोटं बोलायचं नाही असं पोरांना शिकवणारी मी! पण माणूस वाचवायला केलं. असं केलेलं चालत असेल ना?

२५ नोव्हेंबर

ट्रक दिवसभर जागचा हलला नाही. काकी बघत बसली. आम्ही तिला बघत बसलो.

२६ नोव्हेंबर

सकाळी काकीने स्वतःच झाकण लावलं. पदराने पुसलं. म्हणाली, "पसंत पडला त्याला. मन भरलं, गेला. पोचला गं माझा."

मग चुलीशी गेली. आईने नव्या तांदळाचा भात केला होता आणि वालाचं बिरडं. काकीने पहिला घास हातात धरला, बराच वेळ बघितला आणि खाल्ला. काका उठून गोठ्यात गेले. म्हशीशी मोठमोठ्याने काहीतरी बोलत होते.

मी आज शांत झोपेन. कारण शोधलं, ते दूर केलं, आणि एक माणूस जेवलं. शिक्षण आणखी कशासाठी असतं?

२९ नोव्हेंबर

दुकानदाराचा फोन. "मॅडम, तुमचा तो जुना पीस कारागिराने अख्खा खोलून बघितला. बिजागरी घट्ट, कळा ठीक. काहीच दोष नाही."

मी म्हटलं, मी येते, तो परत द्या मला. आत्ता निघते.

"अहो, तो काल विकला. कोणी गिऱ्हाईक होतं. कुठलं ते कोण विचारतं?"

ओटीवरून काकीने हाक मारली, "ये गं लली, भात वाढलाय. आता कुणाची वाट बघायची नाय."