पुसेगावला जाऊन दिलेली कबुली

बाई, आज चर्चमधून निघताना कुणीतरी मला म्हणालं, "तुमच्याइतकं खरं बोलणारं माणूस आम्ही पाहिलं नाही." घरी आल्यापासून तुमचीच आठवण येते आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी हे विचारावंसं वाटतं ते तुम्हालाच: खरेपणा माणसात येतो तरी कुठून?

निजामाच्या राज्यातली ती शेवटची वर्षं. गोरेगावात मिशनचा तुमचा दोन खोल्यांचा दवाखाना, आणि विशीतली मी तुमच्या हाताखाली नर्सचं काम शिकत होते, स्वतःवर फार खूश. पुसेगावची, मेंढरं राखणाऱ्या घरातली एक बाई पायाला जखम घेऊन आली. जखम धुवायच्या औषधात पाणी घालायचं मी विसरले आणि तिचं कातडं भाजलं. ती ओरडली तशा तुम्ही आतून धावत आलात. आधी बाटलीकडे पाहिलंत, मग माझ्याकडे. मी म्हणाले, "मी बराबर मिसळलं होतं." तुम्ही त्या बाईपुढे हात जोडलेत. "माझी चूक झाली. औषध मीच कालवलं होतं."

दुपारी तुम्ही चुलीपुढे भाकरी थापताय. मी रडत म्हणते, "बाई, तुमच्यात खरंच ख्रिस्त आहे." तुमचा हात थांबत नाही. "कसला ख्रिस्त? मी खोटं बोलले. तेही तुझ्यासाठी नव्हे. लोकांनी मला थोर म्हणावं, ही माझी जुनी हौस. तू भीतीनं खोटं बोललीस, मी मोठेपणासाठी. कुणाचं जास्त वाईट, सांग बरं?" असा विचार मी कधी केलाच नव्हता. मी पुटपुटते, "मी प्रार्थनेत कबूल केलंय." तुम्ही वर बघता. "पाय कुणाचा भाजला? प्रभूचा का तिचा?"

दुसऱ्या दिवशी आपण बैलगाडीनं पुसेगावला गेलो. माझं मन तयार नव्हतं. तुम्ही म्हणालात, "मनाची वाट पाहत बसलीस तर म्हातारी होशील. आधी तोंडानं बोल, मन येईल मागून." ती दारात पाय पसरून बसली होती. मी सगळं सांगितलं. तिचा नवरा उसळला, "कबूल कराया आल्या! त्यानं हिची तकलीफ कमी व्हनार हाय का?" ती मात्र माझ्याकडे नवलानं बघत राहिली. "काहून सांगाया आलीस, पोरी? आमाला कळलंबी नसतं." मी खाली बसून तिच्या पायाची पट्टी नीट करू लागले. ती म्हणाली, "मंग आता पट्टी तूच बांधत जा. दुसऱ्या कुनाचा हात नगं." जखम भरेपर्यंत, तीन आठवडे, ती माझ्याच हातून पट्टी बांधून घेत होती.

पुढे नर्स म्हणून किती चुका झाल्या, त्या मी सांगत गेले. सुरुवातीला तुमच्या धाकानं, मग सवयीनं. त्या सवयीचा स्वभाव कधी झाला, की झालाच नाही, हे मला अजून कळलेलं नाही. तुमच्या त्या हौसेचं शेवटी काय झालं, तेही विचारायचं राहिलं.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, वहीतच राहील. पण एक सांगते. पुसेगावहून परतताना तुम्ही विचारलंत, "हलकं वाटतंय ना?" मी म्हणाले, "हो बाई, फार." तेही खोटं होतं. मला तुमचा भयंकर राग आला होता.