दाण्यांशिवायची नळी

२ फेब्रु., आष्टी
आज शेतकरी संस्थेच्या कारखान्यात भंगारातून नवी ठिबकची नळी जमली. जुन्या ठिबकच्या नळ्या एक प्लास्टिक, खताची पोती दुसरं. वितळवून एकत्र केली तरी एकमेकांना धरत नाहीत. कोपॉलिमरचे दाणे घातले. त्यांचं एक टोक याला धरतं, दुसरं त्याला. संस्थेचे चेअरमन नळी पुनःपुन्हा वाकवून बघत होते. "बाई, जमलं की."

११ फेब्रु.
अण्णांनी मोसंबीच्या अर्ध्या बागेला आमचीच नळी टाकली. शेजाऱ्याला म्हणाले, "आमच्या सुनंदानं केलेली हाय." वडील माझ्याबद्दल चारचौघांत बोलले. बरं वाटलं.

३ मार्च
दाणे संपले. चेअरमन म्हणतात, महाग पडतात, तसंच चालवा.
"फुटेल, साहेब."
"कावून फुटंल? दोनी प्लास्टिकच हाय न्हवं?"
मशीनवाल्या शकीलभाईंना मी बंद करा म्हटलं. त्यांनी मान खाली घालून चालू केलं. पगार चेअरमनच्या हातात.

१९ मार्च
अण्णांनी उरलेल्या बागेला नवी नळी नेली, मला न विचारता. फोन केला, टाकू नका. "तुझ्याच कारखान्यातली हाय ना?" टाकून झाली होती.

१७ एप्रिल
गावी गेले. नवी नळी उभी चिरलीय. टँकरचं पाणी झाडाऐवजी बांधाला. अण्णा सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या बांधत बसलेले. चिरेत नख घातलं तर कांद्यासारखे पापुद्रे सुटले.

२६ एप्रिल
सभासदांची सभा. मी उठून सांगितलं, दाणे बंद केले म्हणून फुटतेय. चेअरमन म्हणाले, बाईंच्या केमिकलनंच बिघडलं. मग अण्णांना उभं केलं. "तुमची फुटली का?"
अण्णा माझ्याकडं न बघता म्हणाले, "न्हाई. बरी हाय."

२७ एप्रिल
घरी जाऊन अण्णांना विचारलं. ते ट्यूबच्या पट्ट्या कापत राहिले. मग, "टँकर चेअरमनच्या शब्दावर येतो. झाडं जगवू का तुझं खरं करू?"
आईनं ताट वाढलं होतं. न जेवता आष्टीला आले. झाडं मलाही हवीत, म्हणून जास्तच लागलं.

३० एप्रिल
चेअरमननी मला कामावरून काढलं नाही. "झालं ते सोडा. अण्णांच्या गावाला नळी बदलून द्यायची. उद्या माल काढा." मी विचारलं, दाणे? "न्हाईत."
संध्याकाळी अण्णांचा फोन. आवाजात सभेतलं काहीच नाही. "नवी नळी देनार म्हने. यावेळी नीट कर, माय."
मशीन सकाळी सुरू होईल. दाण्यांशिवाय नळी काढायला जायचं, की ही पण फुटेल असं अण्णांना आत्ताच सांगायचं?