अंगठ्याचा खुलासा

माधवगंज, ग्वाल्हेर
२ डिसेंबर १९५६

पडताळणी अधिकारी साहेबांस,

नवं राज्य झाल्यावर आम्हा जुन्या नोकरांची ओळख तपासताना परवा माझ्या डाव्या अंगठ्याचा ठसा घेतला. १९३५च्या ठशात रेषा आहेत. परवा कागदावर नुसता काळा गोळा उमटला. तुमचे कारकून हसले, "बाबूजी, अंगूठा किसका उठा लाए?" उद्या खरा, लेखी खुलासा दिला नाही, तर माझी एकवीस वर्षांची नोकरी धरली जाणार नाही.

खुलासा असा. मी त्रेचाळीस वर्षांचा, बी.ए. झालेला माणूस, झोपेत अंगठा चोखतो. लहानपणी सुटलेली ही सवय संस्थान विलीन झालं त्या वर्षी परत लागली. जाग येते तेव्हा अंगठा ओला असतो. रेषा त्यानंच झिजल्या.

सही करणार, तोच पत्नी शामलानं हे वाचलं. ती म्हणाली, "असं लिहू नका. आज दुपारी तुम्ही झोपलात, तेव्हा सवय मोडावी म्हणून तुमचा अंगठा मी मुठीत धरून बसले होते."

"मग?"

"तुमचं तोंड मिटलेलं होतं. तरी चोखल्याचा आवाज येत होता. आणि माझ्या मुठीतच अंगठा ओला होत गेला."

साहेब, आठ वर्षं मी समजत होतो की चोखणारा मीच आहे. खोट्या कागदावर मी कधी सही केलेली नाही. हा खुलासा आता खोटा ठरला, आणि खरा लिहायला माझा हात धजत नाही. उद्या मी येणार नाही.

आजपर्यंत आपल्या नोकरीत असलेला,
मधुसूदन टेंबे